ट्राउटचा रॉड आणि गोव्याची खाडी: घरच्यांसह हिवाळी फ्लाय फिशिंगची तयारी

ट्राउट हा थंड ओढ्यातला मासा गोव्यात नाही, हे आधीच सांगून टाकते. हिमाचलात तीर्थन नाहीतर बरोटला जाऊन फ्लाय रॉडचा (पिसा-दोऱ्याचे नकली भक्ष्य, म्हणजे फ्लाय, टाकायच्या काठीचा) नाद लावून घेतलेली जोडपी परत आली की हमखास विचारतात, "म्हादईत वर कुठे मिळतो का हो?" मिळत नाही. ट्राउटला थंड, खळाळते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या वर जाऊन तसेच राहिले की तो बेजार होतो, आणि आपल्याकडे जानेवारीतसुद्धा नदीत पाय घातला तर पाणी कोमट लागते. इंग्रजी अमदानीत काश्मीर, कुलू, निलगिरी, मुन्नार अशा थंड जागी हा मासा आणून सोडला आणि तिथेच तो रुजला.

बरे, हिवाळ्यात उत्तरेला जाऊनही उपयोग नाही. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो त्याचा अंडी घालण्याचा काळ. काश्मीरमध्येही थंडीत हंगाम बंदच. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी रॉड माळ्यावर धूळ खात पडतो आणि नेमके तेच महिने गोव्याच्या खाड्यांचे सगळ्यात सुखाचे. पाऊस संपून नदीचा लाल गढूळपणा गेलेला, सकाळी वारा पडलेला, उन्हाला अजून धार नाही. शिवाय नाताळच्या सुट्टीत पोरे घरी आणि सासू-सासरे किंवा आई-बाबा पाहुणे आलेले. त्यांना घरी ठेवून दोघांनीच जायचे म्हटले तर वर्षभर ऐकून घ्यावे लागते, म्हणून सगळ्यांना घेऊनच जायचे.

आम्ही फोंड्याचे. नवरा-बायको दोघांनाही हा छंद, आणि बरोबर घरची पलटण ठरलेली. अशी सहल जमते की फसते हे माशावर ठरत नाही, पाण्याच्या वेळेवर ठरते. पाण्याची वेळ एकदा पक्की केली की मासेमारी दोन-अडीच तासांत आटोपते आणि उरलेला दिवस घरच्यांचा होतो. वेळ न बघता निघालात तर दिवसभर काठावर उभे राहाल, मासा लागणार नाही आणि गाडीतली मंडळी तोंड फिरवून बसतील.

तारीख: आधी कालनिर्णय, मग रजा

ट्राउटच्या ओढ्यावर पाणी एकाच दिशेने वाहते. खाडीत ते दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते. चोणक, तामसो, गोब्रो हे मोठे शिकारी मासे पाणी वाहत असताना खातात. पाणी थांबले की तेही थांबतात. काठावरून फ्लाय टाकणाऱ्याला ओहोटीचे मधले तीन-साडेतीन तास सगळ्यात सोयीचे. तेव्हा चिपीच्या (कांदळवनाच्या) मुळांत, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) आत, शेताच्या चरांत शिरलेली सुंगटे (कोळंबी) आणि बारकी मासळी पाण्याबरोबर बाहेर ओढली जाते आणि मोठा मासा तोंडाशी टपून बसतो. भर उधाणाला तोच मासा पाण्याबरोबर मुळांत आत घुसतो, तिथे फ्लाय पोचत नाही. पोचली तरी परत येत नाही.

वेळ काढायला जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, शुद्ध पक्षात असो की वद्य पक्षात. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती, मग सहा-सव्वासहा तास ओहोटी, म्हणजे पावणेअकराच्या सुमारास पाणी तळाला. डिसेंबरअखेरीस गोव्यात सूर्य साधारण सातला उगवतो. सात ते साडेनऊ-दहा हा वेळ वाहत्या ओहोटीचा, वारा पडलेला, ऊन कोवळे. याहून चांगली सकाळ पंचांगात शोधून सापडणार नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास येते, सकाळभर पाणी वर चढत असते आणि ओढही फार. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाणी जेमतेम हलते. म्हणून पंचमी, षष्ठी, सप्तमी यांतला दिवस धरा. चतुर्थीही चालते, फक्त वद्य चतुर्थी असेल तर ती संकष्टी. आईंचा चंद्रोदयापर्यंत उपास, आणि तुम्ही काठावर खमंग डबे उघडणार, हे बरे दिसत नाही.

हा हिशेब ढोबळ आहे. नक्की वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि लक्षात ठेवा की खाडीत जसजसे आत जाल तसतसा उशीर होतो. आदल्या दिवशी फोन करायला कुणी ओळखीचा होडीवाला असेल तर उत्तम. तो "सुकती (ओहोटी) सातांक लागतली" असे सांगेल, ते तक्त्याहून खरे.

काही तारखा टाळाच. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात नोव्हेना (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात आणि ३ डिसेंबरला सेंट झेवियरचे फेस्त. त्या दिवसांत तिथल्या फेरीबोटीच्या धक्क्याकडे गाडी घालणे म्हणजे सकाळ रस्त्यावर काढणे. २४ डिसेंबर ते २ जानेवारी किनाऱ्याकडचे रस्ते विसरा, आतल्या बेटांवर मात्र तेव्हाही श्वास घेता येतो.

आणखी एक घरगुती अडचण. मार्गशीर्ष याच दिवसांत येतो. बऱ्याच घरांत गुरुवारी, काही घरांत महिनाभर मासळी शिजत नाही. त्या महिन्यात गेलात तर धरून सोडण्याची तयारी ठेवा आणि ते आधीच सांगा. आमच्या आई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "सोडायचाच होता तर धरलात कशाला त्या जिवाला?" याला पटेल असे उत्तर मला आजवर सुचलेले नाही. सासऱ्यांनी मात्र, "ह्यांचे देऊळदर्शन समज," म्हणून विषय मिटवला.

जागा: मंडळींची सोय आधी

जागा निवडताना चार गोष्टी बघते: सावली, स्वच्छतागृह, पाठीमागे मोकळी जागा आणि घरच्यांना जवळपास करण्यासारखे काहीतरी. मासे पाचव्या क्रमांकावर. चोणक काय, मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल, साळ, सगळीकडे आहे.

पहिल्या खेपेला दिवाडी बेट सुचवीन. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने पलीकडे जायचे. पोरांची अर्धी मजा तिथेच. बेटाच्या कडेने खाजन शेतांचे (भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतांचे) बांध आहेत. दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी. पलीकडे नार्व्याला सप्तकोटीश्वराचे देऊळ. मूळ देऊळ दिवाडीवरच होते, कदंबांचे. पोर्तुगिजांनी पाडल्यावर देव नार्व्याला नेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. अलीकडे नव्याने दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. ज्येष्ठांना, शक्यतो घरातल्या दुसऱ्या चालवणाऱ्याबरोबर, गाडीने पाठवा. फेरी, दर्शन, देवळाच्या आवारात निवांत बसणे आणि परत, यात तुमचे दोन-अडीच तास सुटतात आणि कुणालाही आपल्याला बाजूला काढले असे वाटत नाही. परतायला कंटाळा आला तर मयेचे तळे तिथून जवळच आहे.

समुद्र बघायचाच असेल तर पेडण्यात केरी. तेरेखोल नदी तिथे समुद्राला मिळते, काठाला सुरूची सावली, पलीकडे फेरीने तेरेखोलचा किल्ला. वाळूवर उभे राहून फ्लाय टाकायला जागा मोकळी. पण नदीच्या मुखाशी ओढ भयंकर असते. पोरांना तिथे गुडघाभर पाण्यातही सोडू नका, जीवरक्षक असतील त्याच पट्ट्यात खेळू द्या. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून कासविणी अंडी घालायला येतात, तिथे काळोखात टॉर्च घेऊन फिरायचे नाही.

कुठे टाकायचे नाही हेही पक्के हवे. चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य, तसेच म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर ही जंगले. अभयारण्यात रॉड काढायचाच नाही, ओढा कितीही ट्राउटसारखा दिसला तरी. दुसरी जागा मानस. खाजनाच्या बांधातले हे लाकडी दार भरतीच्या पाण्याने आपसूक मिटते आणि ओहोटीला उघडते. तिथे मासा असतोच, पण मानशीवर मासळी धरायचा हक्क लिलावाने दिलेला असतो. तो ज्याच्याकडे आहे त्याला विचारल्याशिवाय दाराच्या तोंडाशी उभे राहू नका. "बाबा, जाळे नाही, एक काठीच आहे, लागला तर तुम्हाला दाखवून सोडतो," एवढे बोलले तर बहुतेक जण हसून हो म्हणतात आणि वर कुठे टाकायचे तेही सांगतात. नाही म्हणाले तर शंभर पावले पुढे सरकायचे.

सामान: दोघांत रॉड एकच

हे वाचून काही जण नाराज होतील, तरी सांगते. जोडप्याने एकच रॉड न्यावा. फ्लाय टाकताना लाइन, म्हणजे रॉडची जाड वजनदार दोरी, जेवढी पुढे जाते तेवढीच मागे जाते. बांधावर दोघे टाकायला लागले आणि मधे पोर धावत आले की काय होईल ते लिहायला नको. एक जण टाकतो, दुसरा त्याच्या मागे बाजूला उभा राहून मागचा रस्ता, पोरे, स्कूटरी, विजेच्या तारा यांच्यावर नजर ठेवतो आणि मासा लागला की जाळी धरतो. अर्ध्या तासाने पाळी बदलायची. मासा अंगावर असेल तेव्हाच पाळी लांबते, नाहीतर घड्याळ बघून.

ट्राउटचा ४ किंवा ५ वेटचा रॉड (आकडा जितका मोठा तितका रॉड दणकट) इथे चालत नाही. खाडीच्या फ्लाय जड असतात, आणि तामसो लागला की पहिल्या दोन सेकंदांत मुळांकडे धाव घेतो, त्याला वळवायला दम लागतो. ८ वेटचा, ९ फुटी, चार तुकड्यांचा रॉड घ्या. रील (लाइन गुंडाळायची चकरी) खाऱ्या पाण्याला चालेल अशी, ब्रेक चांगला असलेली. लाइन शक्यतो उष्ण हवेसाठी बनवलेली. थंड पाण्याची ट्राउट लाइन गोव्याच्या उन्हात शेवयांसारखी लिबलिबीत होते आणि रॉडच्या कड्यांत अडकते. तरंगती लाइन एक पुरे. ओढ जास्त असलेल्या जागी सावकाश बुडणारी बरी पडते, पण ती दुसऱ्या वर्षी.

लाइनच्या टोकाला सात-आठ फूट लीडर (जोडदोरी) आणि त्यापुढे हातभर, ३० ते ४० पौंड ओढ सोसणारे जाड टिपेट (फ्लाय बांधायचे टोक). हे जाड टोक सोडू नका. चोणकीच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, ट्राउटची बारीक दोरी ती एका झटक्यात कापते. तामसोला सुळे असतात. टिपेटला फ्लाय घट्ट गाठीने आवळू नका, सैल फासाची गाठ मारा, म्हणजे फ्लाय पाण्यात मोकळी डोलते.

फ्लाय मोजक्याच घ्या. ट्राउटला आपण किडे-माश्यांची नक्कल देतो, इथे बारकी मासळी आणि सुंगटे. डोळ्यांना वजन असलेली क्लाउझर मिनो ही फ्लाय पांढऱ्या-पोपटी आणि पांढऱ्या-तपकिरी रंगांत, लेफ्टी क्रे यांची डिसीव्हर पांढऱ्या रंगात आणि एखादे सुंगट. हुक १/० किंवा २/०. निघण्यापूर्वी घरीच पक्कडीने प्रत्येक हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करा. मासे थोडे जास्त सुटतील, पण माणसाच्या कानात गेलेला हुक सहज निघेल. मुलांबरोबर जाताना ही अट मी सोडत नाही.

बाकी सामान: ध्रुवीकरण असलेला गॉगल प्रत्येकाला, रुंद कडांची टोपी, लांब बाह्या, लांब चिमटा, रबरी जाळी, प्रथमोपचाराची पेटी, थर्मास भरून कडकडीत गरम पाणी. ते चहासाठी नाही, कारण पुढे येईल. संध्याकाळी थांबणार असाल तर डासांचे मलम लागेल, पण मलम आणि उन्हाचे क्रीम दोन्ही फ्लाय लाइनचे प्लॅस्टिक खातात. लावले की हात साबणाने धुवायचे, मगच लाइनला हात.

मुलांना फ्लाय रॉड देऊ नका. वेळूची काठी, दोरी, बुचाचा तरंगा, छोटी गरी आणि मळलेल्या कणकेची गोळी किंवा सुंगटाचा तुकडा. बांधाच्या आतल्या शांत पाण्यात काळुंद्र त्यावर येते. तासाभरात पोरांच्या गरीला चार लागतात आणि आई-वडिलांच्या महागड्या रॉडला काहीच नाही, असे सर्रास होते. त्याची मनाची तयारी ठेवावी.

सराव: अंगणात, आठवडाभर आधी

गरी टाकताना गरीचे किंवा शिशाचे वजन दोरी ओढत नेते. फ्लायचे वजन त्याला पुरत नाही, इथे लाइन हेच वजन. त्यामुळे जोर लावून भागत नाही, थांबता यावे लागते. बाई सुपाने पाखडताना सूप वर झटकते आणि क्षणभर जागच्या जागी थांबवते, त्या थांबण्याने दाणा उडतो. रॉडही तसाच: हळू सुरुवात, वेग, आणि कानाच्या किंचित मागे टक्कन थांबा. मागे गेलेली लाइन सरळ होईपर्यंत वाट बघा, मग पुढे तेच. नवशिक्याची नव्वद टक्के गुंतागुंत मागे न थांबल्याने होते.

आठवडाभर रोज पंधरा मिनिटे अंगणात नाहीतर शाळेच्या मैदानात सराव करा. हुकाऐवजी लोकरीचा लाल झुबका बांधा. दहा-बारा मीटरवर सूप ठेवून त्यात तो पडला पाहिजे. लांब टाकायची हाव नको, खाडीत बहुतेक मासे काठापासून तेवढ्यातच असतात. उजव्या हाताने टाकणाऱ्याला उजवीकडून वारा आला की लाइन तोंडावर येते. तेव्हा रॉड डाव्या खांद्यावरून फिरवायचा, याचाही सराव हवा.

जोडप्यांसाठी एक सूचना. एकमेकांना शिकवू नका. ज्याला जास्त येते त्याने गप्प राहावे, विचारले तरच एक वाक्य. आमच्याकडे हा नियम झाल्यापासून अंगणात शांतता आहे.

प्रत्यक्ष सकाळ

आदल्या रात्री डबे तयार ठेवा. पहाटे वाटेत बेकरीतून गरम पोळ्या (म्हणजे गोव्याचे पाव) घ्यायच्या, सोबत घरचे सुक्या भाजीचे डबे, उकडलेली अंडी, केळी. परत आल्यावरची पेज आणि लोणचे घरी. काठावर चूल पेटवायची हौस नको. बांधावरचे सुके गवत बघता बघता धरते आणि ते शेत कुणाचे तरी असते.

उजाडायच्या सुमारास फेरी गाठा. काठावर पोचलात की लगेच रॉड जोडू नका, दहा मिनिटे पाणी बघा. ओलसर चिखलाची रेघ पाण्याच्या वर दिसायला लागली म्हणजे ओहोटी लागली. चराचे तोंड, मानशीपासून जरा दूर ओढ वळते ती जागा, चिपीच्या फांद्यांची सावली पाण्यावर पडते तो कोपरा, या तीन ठिकाणी नजर ठेवा. बारकी मासळी एकदम उडाली आणि मागून 'डबुक्' असा जड आवाज आला की समजायचे, चोणक जेवते आहे. नुसती मासळी इकडेतिकडे उड्या मारत असेल तर तो शेवटा, त्याच्या मागे वेळ घालवू नका, तो फ्लायकडे बघत नाही.

फ्लाय ओढीला तिरपी, थोडी वरच्या अंगाला टाका. दोन-तीन आकडे मोजून बुडू द्या. रॉडचे टोक पाण्याला टेकवून, लाइन बोटाखाली धरून दुसऱ्या हाताने वीतभर खेचा, थांबा, दोनदा झटपट खेचा, परत थांबा. बहुतेक वेळा थांबलेल्या क्षणी मासा घेतो.

आणि इथे ट्राउटवाल्यांचा हात दगा देतो. ट्राउटने फ्लाय घेतली की आपण रॉड वर उचलतो, ते इतके अंगवळणी पडलेले असते की मेंदूला विचारतच नाही. चोणकीचे तोंड टणक, फ्लाय जड. रॉड उचलला की हुक नुसता घसरून बाहेर येतो. रॉड खालीच ठेवायचा आणि लाइनचा हात कमरेमागे जाईपर्यंत सरळ, जोरात खेचायचा. वजन जाणवले की पुन्हा एकदा. मग रॉड उचला. हे अंगणातच शिकता येते: जोडीदाराने लाइनचे टोक धरून मधेच हिसका द्यायचा आणि तुम्ही रॉड खाली ठेवून खेचायचे. वीसदा केलेत की हाताला कळते. तामसो असेल तर पहिल्या धावेला अजिबात लाइन देऊ नका. चोणक असेल तर ती पाण्याबाहेर उडी मारून डोके हलवते, त्या वेळी रॉड तिच्याकडे झुकवून लाइन किंचित ढिली सोडा.

साडेनऊनंतर उरलासुरला मतलई (जमिनीकडून येणारा) वाराही मरतो. थोडा वेळ पाणी तेलासारखे, आणि अकराच्या पुढे समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. तोवर ओहोटीही तळाला आलेली असते. सामान गुंडाळा. "आणखी पाच मिनिटे" या शब्दांवर आमच्या घरी बंदी आहे. देवळातून परतलेली गाडी उभी दिसली की रॉड खाली.

मासा हातात आल्यावर

हात ओले करा. मासा पाण्यातच ठेवून चिमट्याने हुक काढा. चोणकीला कल्ल्यात बोटे घालून कधीच उचलायचे नाही, आधी सांगितलेली ती कड बोटही कापते. एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी. आजोबा-नातवंडांसह फोटो एक, मासा पाण्याबाहेर श्वास रोखून धरता येईल तेवढाच वेळ. मग तोंड ओढीकडे करून धरा आणि त्याने स्वतःहून शेपूट मारली की सोडा.

घरी न्यायचा असेल तर मध्यम आकाराचा एकच न्या. मोठी चोणक सोडावी असे माझे ठाम मत आहे. चोणक नर म्हणून वाढते आणि पुढे मादी होते, त्यामुळे दांडग्या चोणकी बहुतेक माद्याच असतात आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी जाऊन त्याच अंडी घालतात. तव्यावर तशीही मध्यम चोणकच चांगली लागते: हळद, मीठ, आगळ, तिखट, वरून रवा. मुलांची काळुंद्रे असली तर प्रश्नच मिटला, ती भरून भाजायला घ्या.

धोके

पाण्यात उतरायचे नाही. ट्राउटवाले कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात, ती सवय घरी ठेवून या. कुंभारजुवे कालवा मांडवी आणि जुवारीला जोडतो, त्यात मगरी आहेत आणि दिवाडीच्या अंगणातच तो मांडवीला मिळतो. त्या कालव्याकाठच्या गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मानगें थापणी. लोकांनी शतकानुशतके मगरीशी असा करार केला आहे, आपल्याला तो लागू नाही. पोरे काठापासून चार हात मागे, आणि मासळी साफ करायची तर घरी, काठावर नाही.

चिखलात कालवांच्या कडा असतात, तेव्हा चप्पल नको, बंद बूट. गरीला शिंगाळा लागला तर हाताने धरू नका, त्याच्या परांचे काटे विषारी. वाळूच्या मुखाशी घोट्याएवढ्या पाण्यात चालावेच लागले तर पाय घासत चाला, म्हणजे पाकट असेल तर आधीच सरकते. काटा लागलाच तर थर्मासातले पाणी थोडे निववून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. विषाची ठणक उतरते. किती गरम ते न दुखावलेल्या हाताने आधी तपासा. जखमेवर हळद-चुना चोपडण्याच्या सूचना येतील, त्या नम्रपणे टाळून डॉक्टरकडे जा. मोठे काही असेल तर १०८. हुक डोळ्याजवळ लागला असेल तर काढायचा प्रयत्न करू नका, जागेवर तसाच ठेवून सरळ बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात.

होडी घेणार असाल तर प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, आजींनाही. त्या "मला पोहता येतं" म्हणतील. टाकणारा एकच उभा, बाकी सगळे खाली बसलेले.

परत आल्यावर

पेज खाऊन आडवे होण्याआधी अर्धा तास काढा. रॉड, रील, चिमटा गोड्या पाण्याने धुवा. पाणी हलके सोडायचे, नळाची धार जोरात मारली तर मीठ रीलच्या आत ढकलले जाते. रीलचा ब्रेक पूर्ण ढिला करून सावलीत वाळवा. वापरलेली लाइन बादलीभर कोमट पाण्यात बुडवून ओल्या फडक्यातून ओढून घ्या. वापरलेल्या फ्लाय डब्यात परत टाकू नका, एकाचा गंज सगळ्यांना लागतो. धुऊन दोरीवर चिमट्याने लावा, मांजर पोचणार नाही एवढ्या उंचीवर, आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या झाल्या की डब्यात भरा.